मदत हवी आहे: भावाने एज्युकेशन लोनचे पैसे सट्ट्यात घालवले, पुढचा हप्ता बँकेत थांबवता येतो का?

सुदामानगरची_ताई
अर्जंट आहे म्हणून सरळच लिहिते. माझ्या लहान भावाने लोनचे पैसे ऑनलाइन सट्ट्यात घालवले. पुढची रक्कम याच महिन्यात येणार आहे आणि ती त्याच्या हातात पडली तर तीही जाणार हे मला आत्ताच दिसतंय. मी बँकेत जाऊन ती थांबवू शकते का? आणि शिक्षणासाठी दिलेला पैसा सट्ट्याच्या साइटवर जाऊच नये, बँकेनेच अडवावा, असा काही नियम आपल्याकडे आहे का? नसेल तर का नाही? पोरं बरबाद होतायत आणि कोणी बघत नाहीये. फोन केला तर "मॅडम, खातं तुमचं आहे का" एवढं विचारून ठेवून देतात. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.

रामबागकर
ताई, माहिती अर्धीच दिली आहे. भावाचं वय काय? बँक सरकारी की प्रायव्हेट? किती गेले? लोनची फी तर थेट कॉलेजला जाते, मग पैसे त्याच्या हातात आलेच कसे? आणि को-बॉरोअर, म्हणजे लोनवर सोबत सही करणारा, कोण आहे?

पक्का_माळवी
आधी त्याचा फोन काढून घ्या. बाकी सगळं नंतर. माझ्या मावसभावाला आम्ही बटणवाला फोन दिला, ६ महिने. आज पीथमपूरला चांगल्या नोकरीत आहे. फोन हातात असेपर्यंत बँक काही करू शकत नाही.

रामबागकर
@पक्का_माळवी कॉलेजची हजेरी, असाइनमेंट सगळं फोनवर आहे आता, बटणवाला फोन देऊन तो शिकणार कसा?

पक्का_माळवी
शिकूनच तर राहिला होता ना स्मार्टफोनवर, काय शिकला ते दिसलं. आम्ही करून पाहिलंय म्हणून सांगतो.

सुदामानगरची_ताई
सॉरी, घाईत लिहिलं होतं. वय २०, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, प्रायव्हेट कॉलेज, इंदूरला खंडवा रोडकडे. बँक सरकारी. ट्यूशन फी कॉलेजलाच जाते, पण हॉस्टेल, मेस आणि पुस्तकांचे ८५ हजार जुलैमध्ये त्याच्या खात्यात आले, पहिल्या वर्षापासून तसेच येतात, पावत्या नंतर द्यायच्या असतात. गेल्या आठवड्यात वॉर्डनचा फोन आला की हॉस्टेलचा एक रुपया भरलेला नाही, परीक्षेचं हॉल तिकीट अडवतील. आधी म्हणाला खातं हॅक झालं. मग परवा रात्री मी त्याला समोर बसवून स्टेटमेंट काढायला लावलं, ११ पानं निघाली. रात्री १ ते ३ च्या मधे ५००, ५००, १०००, परत ५००. समोरचं नाव दर वेळी वेगळं, कुठे कोणतं तरी किराणा, कुठे मोबाइल शॉपी, कुठे नुसतं एका बाईचं नाव. एका रात्रीच्या ४१ एंट्र्या मी बोट ठेवून मोजल्या, आणि त्याच्याच खाली सकाळी साडेआठला ३० रुपये, पोहेवाल्याचे. म्हणजे रात्रभर जागून तो सकाळी पोहे खाऊन लेक्चरला जात होता आणि मी रविवारी भेटल्यावर म्हणायची किती बारीक झालास, अभ्यास कमी कर.

हिशेबी
लोन चालू असेल तर इन्कम टॅक्समध्ये व्याजाची पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते, ८ वर्षांपर्यंत. फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत. बरेच लोक घेतच नाहीत. बँकेकडून व्याजाचं सर्टिफिकेट मागून घ्या.

रामबागकर
@हिशेबी हे त्यांनी विचारलेलं नाही. ताई, को-बॉरोअर कोण ते अजून सांगितलं नाहीत.

लोनडेस्क_निवृत्त
३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली ९ लोन डेस्कवर. एज्युकेशन लोन म्हणजे पर्सनल लोन नव्हे, पैसा कशावर खर्च करायचा हे करारात लिहिलेलं असतं. दुसरीकडे वापरला तर बँक पुढची रक्कम रोखू शकते, सगळं लोन परतही मागू शकते. त्यामुळे नियम नाही असं नाही, नियम आहे, पण भोक राहतं ते नेमकं या हॉस्टेल-मेसच्या रकमेत. पावती बघून द्यायची ती रक्कम "पावती नंतर आण" म्हणून आधीच खात्यात टाकली जाते.

उपाय सोपा आहे. हॉस्टेल कॉलेजचंच असेल तर तीही रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात पाठवा असा लेखी अर्ज द्या. त्यावर विद्यार्थ्याची आणि को-बॉरोअरची सही लागेल. तुम्ही लोनमध्ये नसाल तर बँक तुमच्याशी खात्याबद्दल बोलणार नाही आणि ते बरोबरच आहे. हप्ता पूर्ण थांबवायच्या फंदात पडू नका, फी अडकली तर वर्ष जाईल आणि कर्ज जिथल्या तिथे राहील. कोर्स संपल्यावर साधारण १ वर्षाने ईएमआय सुरू होतात, ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरतात, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, एकट्या मुलाचं नाही, दोघांचं बिघडतं.

लेस्टरहून_इंदूरकर
इथे इंग्लंडमध्ये राहण्या-खाण्याचं स्टुडंट लोन सरळ विद्यार्थ्याच्याच खात्यात येतं, वर्षातून ३ वेळा, पुढे तो काय करतो ते कोणी विचारत नाही. पण १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी आहे, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉकचं बटण असतं, आपणच दाबायचं, परत काढायचं म्हटलं तर बऱ्याच बँका लगेच काढू देत नाहीत, मधे वेळ ठेवतात. आपल्याकडे निदान एज्युकेशन लोनच्या खात्यांना हे पहिल्या दिवसापासून लावायला काय हरकत आहे?

हक्काचं_बोला
माझी हरकत आहे. २० वर्षांचा मुलगा मत देतो, लोनवर सही करतो, मग त्याच्या खात्यावर पहारा कशाला? आज सट्टा अडवाल, उद्या सिनेमाचं तिकीट का काढलं विचाराल. आणि फक्त लोन घेणाऱ्यांवरच का? ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याने उडवला तर चालतो, गरिबाच्या पोराला मात्र बंधन. मी स्वतः लोनवर शिकलो, मेसचे पैसे वाचवून बहिणीच्या लग्नाला दिले होते, तेव्हा असा नियम असता तर मी चोर ठरलो असतो.

जुनी_इंदूरकर
बहिणीच्या लग्नाला दिलेत आणि रात्री २ वाजता अनोळखी माणसाला ४१ वेळा पाठवलेत, हे दोन्ही तुम्हाला सारखं वाटतं का? त्या मुलाने फेडलं नाही तर को-बॉरोअर फेडणार. दुसऱ्याच्या सहीवर घेतलेला पैसा पूर्ण आपला नसतो. माझं स्पष्ट मत आहे की बंधन हवं.

हक्काचं_बोला
पैसा दुसऱ्याच्या सहीवरचा आहे हे मान्य. तरी अडवायचं तर सगळ्यांना अडवा, लोनवाल्यांनाच वेगळं काढू नका.

वकील_खंडपीठ
सगळ्यांना अडवणारा कायदा झाला आहे. ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवण्यावर बंदी आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बँकांनी अशा खेळांचे व्यवहार करू द्यायचे नाहीत हेही त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे ताई, भाऊ पोलिसांत अडकेल या भीतीने गप्प बसू नका. शिवाय १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० आहे, पैजेचा करार शून्य, म्हणजे हरलेल्या पैशांसाठी कोणी दारात आला तर तो कोर्टात मागू शकत नाही.

लेस्टरहून_इंदूरकर
मग या ४१ एंट्र्या बँकेने का नाही अडवल्या?

लोनडेस्क_निवृत्त
कारण ब्लॉक चालतो तो दुकानदाराच्या कोडवर. कार्डाच्या व्यवहारात जुगाराचा वेगळा कोड असतो, ७९९५. इथे पैसे यूपीआयने कोणाच्या तरी साध्या बचत खात्यात जातायत, किराण्याच्या नावाने. बँकेला ते दुधाचं बिल भरल्यासारखंच दिसतं. मोठ्या अ‍ॅप्सनी कायद्यानंतर पैशांचे खेळ बंद केले, आता उरलेत ते असले भाड्याच्या खात्यांवर चालणारे. म्हणून तुमचं बटण इथे कमी पडेल, पैसा मुळात त्या खात्यात न येणं हाच पक्का उपाय.

ताई, एक महत्त्वाचं. त्याच्या खात्यात अनोळखी लोकांकडून पैसे *आलेत* का? आणि त्याने आपलं खातं, एटीएम किंवा सिम कोणाला किरायाने दिलंय का?

ऑप्शनवाला_विजयनगर
मुलाचं डोकं चालतंय, फक्त दिशा चुकली. सट्ट्याऐवजी त्याला शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग शिकवा, कायदेशीर आहे. मी शिकवतो, व्यनि करा.

जुनी_इंदूरकर
कृपा करून हे असलं इथे नको. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये आकडे दिलेत, ३ वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. ज्या पोराला रात्री थांबता येत नाही त्याला दिवसा खेळायला बसवणार का?

ऑप्शनवाला_विजयनगर
९३ मधले ९० जण न शिकता उतरतात. शिस्त असेल तर...

परदेशीपुरा_६२
सगळं वाचलं. मी परदेशीपुऱ्यात वाढलो, वडील मिलमध्ये होते. त्या काळी आकड्याचा सट्टा होता, खाईवाल, म्हणजे सट्टा घेणारा, पगाराच्या दिवशी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा. वडील वाईट नव्हते, पण गेट ते घर या अर्ध्या मैलात पाकीट हलकं व्हायचं. मग आईने ७ तारखेला स्वतः गेटवर जायला सुरुवात केली. शिफ्ट सुटायच्या आधी पदर डोक्यावर घेऊन भिंतीला लागून उभी राहायची, मला बोटाला धरून. वडील बाहेर आले की काही न बोलता हात पुढे करायची, ते पाकीट द्यायचे, ती त्यातले ५ रुपये काढून त्यांना परत द्यायची. भांडण नाही, लोकांसमोर एक शब्द नाही. पहिल्या महिन्यात वडिलांना फार लागलं, घरी जेवले नाहीत. दुसऱ्या महिन्यापासून तेच गेटमधून तिला शोधत यायचे. तेवढे ५ रुपये मात्र तिने कधी चुकवले नाहीत.

सुदामानगरची_ताई
काका, वाचून रडू आलं.

@लोनडेस्क_निवृत्त हो, आलेत, तीनदा, ३ हजार, दीड हजार, ३ हजार, जिंकल्याचे म्हणतो. खातं कोणाला दिलेलं नाही, शपथ घेतली माझी. आणि आज अजून एक कळलं, दोन लोन अ‍ॅपवरून मिळून १८ हजार उचललेत, एकाने फोनमधले नंबर घेऊन मित्रांना मेसेज टाकलेत.

को-बॉरोअर बाबा आहेत. लिहिलं नाही कारण त्यांना माहीतच नाही. ते धारला असतात, मार्चमध्ये रिटायर होतायत, बीपी आहे. मला वाटलं होतं त्यांच्यापर्यंत न जाता मी निस्तरेन, ८५ मधले ४० माझ्याकडे आहेत.

रामबागकर
हेच तर पहिल्या दिवसापासून विचारतोय. ताई, ब्रँच पण धारचीच ना मग?

सुदामानगरची_ताई
हो, धारची.

लोनडेस्क_निवृत्त
मग त्यांच्या सहीशिवाय काही होणार नाही. आलेले ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले असू शकतात, तसं निघालं तर सायबरवाले खातं होल्ड करतात. त्यात हॉस्टेलची रक्कम येऊन अडकली तर अजून पंचाईत. म्हणून अर्ज लवकर द्या.

वकील_खंडपीठ
लोन अ‍ॅपच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. अ‍ॅप अधिकृत आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या यादीत बघा. घाबरून नवीन अ‍ॅपवरून उचलून जुनं फेडू देऊ नका, पोरं तिथेच खोल जातात.

डॉ_गीताभवन
पैशांचं सगळ्यांनी सांगितलं, मुलाचं कोणी विचारलं नाही. जुगाराचं व्यसन हा आजार आहे. हरलेले परत मिळवायला अजून लावणं, खोटं बोलणं, झोप जाणं ही त्याचीच लक्षणं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात ओपीडी असते, तुम्ही सोबत जा. आणि ताई, हे दिवस त्याला हॉस्टेलवर एकटं ठेवू नका. पकडलं गेल्यावर आणि कर्जवाल्यांचे फोन येताना मुलं टोकाचा विचार करतात. तो आत्ता कुठे आहे?

सुदामानगरची_ताई
माझ्याकडेच आहे, आतल्या खोलीत झोपलाय. यांनी त्याच्याजवळच अंथरूण टाकलंय.

पक्का_माळवी
आणि फोन?

सुदामानगरची_ताई
रात्री १० नंतर माझ्या कपाटात. त्यानेच आणून दिला.

सुदामानगरची_ताई
दोन दिवसांनी लिहितेय. काल सकाळी गंगवाल बसस्टँडहून बस धरून त्याला घेऊन धारला गेले. बाबा अंगणात पेपर वाचत होते. मी सांगायला लागले तर तो मधेच म्हणाला ताई थांब, मी सांगतो, आणि ती ११ पानं त्यांच्या हातात दिली. बाबांनी चष्मा लावून सगळी वाचली, एकेक. आई दोनदा विचारून गेली चहा टाकू का, कोणी उत्तर दिलं नाही. मग ते एवढंच म्हणाले, हॉस्टेलची शेवटची तारीख काय आहे. कपाटातून पासबुक काढलं आणि शर्ट बदलून आले.

ब्रँचमध्ये दोघांच्या सहीचा अर्ज दिला, इथून पुढे सगळी रक्कम कॉलेजच्या खात्यात. जुने ४० माझे आणि ४५ बाबांचे असे आज भरतोय. परतताना बसमध्ये त्याने विचारलं की दर आठवड्याला खर्चाला काय मिळेल. मी ५०० म्हटलं. काकांची आई आठवली. सोमवारी बाणगंगेला जातोय.

हप्ता नक्की कॉलेजलाच जाईल ना? साहेब म्हणाले "करून टाकू", लिहून काही दिलं नाही.

लोनडेस्क_निवृत्त
"करून टाकू" वर जाऊ नका. बाबांना सांगा, अर्जाची झेरॉक्स घेऊन उद्या परत जा, त्यावर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. रक्कम पडायच्या ४ दिवस आधी एकदा फोन करा, फोन बाबांनीच करायचा.