क्रेडिट सोसायटीचं वेबअ‍ॅप: पासवर्ड, मोबाईल नंबर आणि पैसे डेटाबेसमधे कशात ठेवायचे?

पाणीगेट_२२
नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, फ्रीलान्स कामं करते, पीएचपी आणि मायएसक्यूएल बऱ्यापैकी येतं पण डेटाबेसचं म्हणाल तर कॉलेजात जेवढं झालं तेवढंच. इथल्या एका कर्मचारी क्रेडिट सोसायटीचं वेबअ‍ॅप माझ्याकडे आलंय, आधी ज्या मुलानं बनवलं तो कॅनडाला गेला (बडोद्यात अर्ध्या प्रोजेक्टांचं हेच होतं) आणि आता मेसेजला उत्तर देत नाही.

तर पासवर्ड सगळे एमडी५ मधे होते (पासवर्डचा हॅश, म्हणजे उलटी न करता येणारी खूण, काढायची जुनी पद्धत), मी नव्या सभासदांसाठी पीएचपीचं पासवर्ड_हॅश लावलं. लॅपटॉपवर रजिस्टर करताना "डेटा टू लाँग" अशी एरर येते, होस्टिंगवर मात्र एरर वगैरे काही नाही, सभासद व्यवस्थित रजिस्टर होतो, पण लॉगिन करायला गेला की पासवर्ड चुकीचा. दर वेळी. जुन्या लोकांना मी अजून हात लावलेला नाही, त्यांचं चालतंय.

दुसरं म्हणजे ठेवीची रक्कम फ्लोट(१०,२) मधे आहे. एका काकांची ठेव १,५०,००० रुपये १० पैसे, स्क्रीनवर दिसतं १५००००.०९. एक पैसा हो! पण काका रिटायर्ड अकाउंटंट आहेत आणि ते सोडायला तयार नाहीत, आणि टॅलीशी एकूण बेरीज पण जुळत नाही.

तिसरं, मोबाईल नंबर इंट (पूर्णांक) मधे आहे आणि कितीतरी सभासदांचा नंबर एकच आहे, २१४७४८३६४७. ओटीपी कोणालाच जात नाही ते यामुळेच असणार. आणि सभासद क्रमांक कार्डावर ००४१७ असतो, अ‍ॅपमधे ४१७.

शेवटचं, सोसायटीच्या मंत्री साहेबांना (म्हणजे सचिव, इथे मंत्रीच म्हणतात) एक पान हवंय ज्यात सगळ्यांचे पासवर्ड दिसतील, कारण म्हातारे सभासद ऑफिसात फोन करून "माझा पासवर्ड काय होता" विचारतात. यांना काय सांगू?

जुना_डीबीए
ताई, तुमच्या दोन दुखण्यांचं मूळ एकच आहे, होस्टिंगवर मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद आहे. ५.७ पासून तो आपोआप चालू असतो पण जुन्या साइटी बोंबलू नयेत म्हणून बरेच होस्टिंगवाले बंद करून ठेवतात. बंद असला की मायएसक्यूएल फार मनमिळाऊ होतं, मावत नाही ते गुपचूप कापून किंवा कोंबून ठेवतं आणि फक्त वॉर्निंग देतं, जी कोणी बघत नाही.

एमडी५ म्हणजे ३२ अक्षरं, म्हणून त्या मुलानं कॉलम व्हारकॅर(३२), म्हणजे जास्तीत जास्त ३२ अक्षरं मावणारा, ठेवला असणार, बघा. पासवर्ड_हॅश आत्ता बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत वापरतं आणि त्याची स्ट्रिंग ६० अक्षरांची असते. तुमच्या लॅपटॉपनं प्रामाणिकपणे नाही म्हटलं, सर्व्हरनं पहिली ३२ ठेवली आणि बाकीची टाकून दिली. अर्ध्या हॅशशी काहीच जुळणार नाही, त्यामुळे लॉगिन कधीच होणार नाही. कॉलम व्हारकॅर(२५५) करा, ६० नको, कारण पासवर्ड_डिफॉल्ट मागचा अल्गोरिदम पुढे बदलू शकतो आणि स्ट्रिंग लांब होऊ शकते, पीएचपीच्या मॅन्युअलमधेच २५५ म्हटलंय. जे आत्तापर्यंत रजिस्टर झाले त्यांचे कापलेले हॅश दुरुस्त होणार नाहीत, त्यांना नवा पासवर्ड घ्यायला लावा.

एक बघून घ्या, लॉगिनला पासवर्ड_व्हेरिफायच वापरताय ना? टाइप केलेल्या पासवर्डचा नवा हॅश काढून जुन्याशी तुलना करायची ही एमडी५ची सवय इथे चालत नाही, कारण दर वेळी सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली रँडम अक्षरं) वेगळं, हॅश पण वेगळा.

मोबाईल: साध्या इंटमधे मोठ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७. आपले मोबाईल ६ ते ९ नं सुरू होतात, म्हणजे एकही मावत नाही, सगळे त्या छतावर जाऊन आदळले. इंट(१०) लिहिलं असेल तरी फरक पडत नाही, तो आकडा दिसण्याच्या रुंदीचा होता, मावण्याचा नाही. ते नंबर आता डेटाबेसमधे कुठेच नाहीत, कागदी फॉर्म काढा. आणि बिगइंट (मोठा पूर्णांक) करू नका, व्हारकॅर(२०) करा. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी तुम्ही कधी करणार नाही तो आकडा नाहीच, ती अक्षरं आहेत. ०२६५ चं पुढचं शून्य, ००४१७ ची दोन शून्यं, बँक खाते क्रमांक, सगळं यातच आलं. पिनकोडही, ३९०००१ ला शून्य पुढे नाही पण त्याची सरासरी काढून करणार काय?

फ्लोटचं दुखणं वेगळं आहे, ते स्ट्रिक्ट मोडनं पण पकडलं जात नाही. फ्लोट ४ बाइटचा, त्यात आकड्यासाठी २४ बिट. सगळं दोनाच्या घातांत साठवायचं, त्यामुळे रक्कम जेवढी मोठी तेवढी पैशांना जागा कमी. १,३१,०७२ च्या पुढे गेलं की फ्लोटमधल्या शेजारच्या दोन किमतींमधलं अंतरच ०.०१५६२५ होतं, म्हणजे दीड पैशाहून जास्त! तुमच्या काकांचे १५००००.१० तिथे बसूच शकत नाहीत, सगळ्यात जवळची किंमत १५००००.०९३७५, ती दोन दशांशात दाखवली की .०९. काका बरोबर आहेत. डेसिमल(१२,२) करा, त्यात दशांश जसेच्या तसे राहतात.

स्ट्रिक्ट मोड शेअर्ड होस्टिंगवर बदलता येत नसेल तर कनेक्शन उघडल्या उघडल्या सेट सेशन एसक्यूएल_मोड मारा, त्याला वेगळी परवानगी लागत नाही. पण आधी लॅपटॉपवर करून बघा, अजून काय काय कापलं जात होतं ते भसाभस बाहेर येईल.

अर्धाकप
वरचं सगळं बरोबर, पण जुन्या सभासदांना हात लावला नाही म्हणताय ते जास्त काळजीचं आहे हो. एक गंमत करा, पासवर्डच्या कॉलमवर ग्रुप बाय करून काउंट काढा. सॉल्ट नसलेलं एमडी५ असेल तर सारखा पासवर्ड असलेल्यांची सारखी स्ट्रिंग दिसेल, आणि सगळ्यात मोठा गठ्ठा बहुतेक १२३४५६ चा निघेल, ती स्ट्रिंग नुसती गूगलला टाकली तरी उत्तर येतं. एमडी५ १९९२ चं, आणि ते मुळात फायलीची ओळख पटवायला झटपट चालावं म्हणून केलेलं. झटपट हाच इथे रोग आहे, आजचं एक ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ करून बघतं. बीक्रिप्ट १९९९ चं, ते मुद्दाम हळू, आणि कॉस्ट एकनं वाढवली की वेळ दुप्पट. पीएचपीत कॉस्ट १० होती, ८.४ मधे १२ झाली. लिंक्डइनचं २०१२ ला जे झालं ते पण हेच, सॉल्ट नसलेलं एसएचए-१, म्हणजे मोठ्या कंपन्या पण करतात, तुमच्या कॅनडावाल्याला फार शिव्या घालू नका.

आता ते लॉगिन करतील तेव्हा बदलू असं करू नका, अर्धे लोक मार्च एंडलाच येतात. आजच सगळ्यांचं करता येतं: टेबलात जो एमडी५ आहे त्यालाच पासवर्ड समजून त्यावर पासवर्ड_हॅश चालवायचं, आणि शेजारी एक कॉलम ठेवायचा की हा 'जुना गुंडाळलेला' आहे. त्या माणसानं लॉगिन केलं की त्याच्या पासवर्डचा एमडी५ काढून व्हेरिफाय करायचं, जुळलं तर आता खरा पासवर्ड आपल्या हातात आहेच, त्याचा सरळ बीक्रिप्ट करून ठेवायचा आणि खूण काढायची. सभासदाला कळत पण नाही. फक्त एमडी५ ३२ अक्षरी हेक्सच घ्या, रॉ बायनरी नको, त्यात शून्य बाइट आला की बीक्रिप्टचा गोंधळ होतो.

पाणीगेट_२२
बापरे, ग्रुप बाय केलं. सगळ्यात मोठा गठ्ठा १२३४५६ चा नाही, सोसायटीच्या नावापुढे १२३ असा आहे, ऑफिसवाल्यांनीच सुरुवातीला सगळ्यांना तो दिलेला आणि कोणी बदललाच नाही 🙈

कॉलम व्हारकॅर(३२) च होता. २५५ केला, नवीन लोकांचं लॉगिन झालं. पण मंत्री साहेब ऐकत नाहीयेत, म्हणतात "बेन, हॅश-बिश ते तुमचं राहू द्या, आम्हाला उलटं करून दाखवायचं बटन द्या, ऑफिसचीच तर माणसं बघणार."

लष्कर_ग्वाल्हेर
मंत्री साहेबांना सांगा, पिठाचे गहू करून देणारी गिरणी अजून निघालेली नाही 😄

गंमत सोडा, त्यांची अडचण खरी आहे पण मागणी चुकीची आहे. त्यांना पासवर्ड बघायचा नाहीये, म्हाताऱ्या माणसाला आत जाऊ द्यायचंय. तर ऑफिसच्या पानावर बटन द्या 'तात्पुरता पासवर्ड', दाबला की रँडम_इंट वापरून तयार होईल (साधं रँड नको, त्याचा अंदाज बांधता येतो), क्लार्क तो फोनवर सांगेल, एकदाच चालेल, पंधरा-वीस मिनिटांत मरेल, आणि आत गेल्या गेल्या नवा पासवर्ड टाकावाच लागेल. फोनवर माणूस खरा कोण ते क्लार्कनं पासबुकवरची शेवटची नोंद विचारून खात्री करायची. कोणत्या क्लार्कनं कोणासाठी बटन दाबलं त्याचा लॉग ठेवा, हे ऐकून मंत्री साहेब खूश होतील बघा. मोबाईल नंबर परत गोळा झाले की ओटीपी आहेच. आणि हो, तो तात्पुरता पासवर्ड किंवा रीसेट लिंकचं टोकन पण टेबलात उघडं ठेवू नका, त्याचा पण हॅशच, नाहीतर पुढचं दार बंद आणि मागचं उघडं.

तरी ऐकले नाहीत तर विचारा, उद्या एखाद्याच्या खात्यातून कर्जाचा अर्ज गेला आणि तो म्हणाला मी केलाच नाही, तर ज्यांना ज्यांना पासवर्ड दिसत होता त्या सगळ्यांवर बोट येईल, मंत्र्यांवर पहिलं. माझ्या अनुभवात सुरक्षेपेक्षा हा मुद्दा लवकर पटतो.

आपल्या लोकांसाठी अजून एक. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ७२ अक्षरं म्हणजे पुष्कळ, पण देवनागरीत एकेक अक्षर यूटीएफ-८ मधे ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त प्रत्येक वेगळा मोजायचा, म्हणजे जेमतेम २४. कोणी हौसेनं अभंगाची ओळ पासवर्ड ठेवली तर मागचा अर्धा भाग काहीही टाकला तरी लॉगिन होईल. लांबी तपासताना बाइट मोजा, अक्षरं नाही, आणि जास्त असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

खातेवही
मी सोसायट्यांचीच सॉफ्टवेअर करतो, पैशाचं थोडं सांगतो कारण वर ते डेसिमल करा म्हणून संपवलंय. कॉलम डेसिमल केला आणि पीएचपीत फ्लोटव्हॅल करून व्याज काढलं तर काय उपयोग? डेटाबेसमधून डेसिमल स्ट्रिंग म्हणून येतं ते तसंच राहू द्या आणि बीसीमॅथ (पीएचपीतली अचूक दशांश आकडेमोडीची फंक्शनं) वापरा. पीएचपीत १९.९९ गुणिले १०० करून इंट करा, १९९८ येतं, १९९९ नाही. विश्वास नसेल तर आत्ता करून बघा. आणि बीसीमॅथ राउंड करत नाही, सरळ कापतं, बीसीअ‍ॅडला २ दशांश सांगितले की तिसरा गेलाच. म्हणून मधली आकडेमोड ६ दशांशात करायची आणि खात्याला जमा करताना एकदाच राउंड.

मी स्वतः सगळं पैशात ठेवतो, बिगइंट, १५०००० रुपये १० पैसे म्हणजे १५००००१०. कटकटच नाही, काही पेमेंट गेटवे पण पैशातच मागतात.

राउंडिंग डेटाबेसमधे करणार असाल तर हे माहीत हवं: मायएसक्यूएलमधे राउंड(२.५) ३ देतं, पण तोच आकडा २५ई-१ असा फ्लोटच्या रूपात दिला तर बऱ्याच मशीनवर २ येतं. डेसिमलला नियम ठरलेला, फ्लोटला खालची सी लायब्ररी म्हणेल तसं. अर्धा पैसा वर की खाली हे तुम्ही ठरवू नका, सोसायटीच्या ऑडिटरला विचारा आणि लेखी घ्या.

आणि बॅलन्स हा एकच कॉलम ठेवून त्यात अधिक-उणे करत असाल तर मुळातच बदला. प्रत्येक जमा-नावे वेगळी ओळ, शिल्लक त्यांची बेरीज. टॅलीशी फरक आला तर कुठल्या ओळीत आला ते तरी सापडेल.

जुना_डीबीए
खातेवही यांचं बाकी मान्य, पण बिगइंट मला पटत नाही. उद्या कोणी नवीन माणूस येऊन रिपोर्ट काढेल, शंभरानं भागायला विसरेल आणि दीड लाखाची ठेव दीड कोटीची छापून येईल, हे मी बघितलेलं आहे. डेसिमलमधे टेबल उघडून वाचता तरी येतं. ज्याच्या हातात प्रोजेक्ट परत परत बदलणार आहे तिथे डेसिमलच.

खातेवही
म्हणून कॉलमच्या नावातच _पैसे लिहायचं ना दादा. असो, फ्लोट नको यावर तर भांडण नाही.

पाणीगेट_२२
डेसिमलच करते, माझ्या नंतर पण कोणीतरी येणारच आहे. फक्त ऑल्टर टेबल मारून (कॉलमचा प्रकार जागच्या जागी बदलून) फ्लोटचं डेसिमल केलं तर काकांचा पैसा परत येईल का? आणि आधी डंप (सगळ्या डेटाबेसची कॉपी) घेऊन ठेवला की झालं ना?

जुना_डीबीए
नाही येणार. आत १५००००.०९३७५ आहे, त्याचं डेसिमल १५००००.०९ च होईल. सरळ ऑल्टर मारू नका, शेजारी नवा डेसिमल कॉलम जोडा, त्यात कॉपी करा, मग १,३१,०७२ च्या वरच्या सगळ्या रकमा काढून टॅलीशी किंवा पासबुकाशी एकेक जुळवा. त्याखालच्या रकमा एकेकट्या दोन दशांशात नीट उतरतील, पण आधीच चुकीची बेरीज करून साठवलेल्या असतील तर त्या पण बघाव्या लागतील. कंटाळवाणं काम आहे, त्या काकांनाच बसवा सोबत, आनंदानं करतील.

डंप घ्याच, पण पब्लिक_एचटीएमएल (वेबसाइटचं सगळ्यांना उघडं फोल्डर) मधे ठेवू नका, लोक तिथेच बॅकअप.एसक्यूएल नावानं ठेवतात आणि ब्राउझरमधे पत्ता टाकला की ती कोणालाही डाउनलोड होते. आणि जुने डंप होस्टिंगवर किंवा कोणाच्या पेनड्राइव्हवर पडले असतील ते शोधा, त्यात सगळ्यांचे एमडी५ अजून जसेच्या तसे आहेत, टेबलात बीक्रिप्ट केलं तरी ते बदलत नाहीत. ज्यांचा पासवर्ड तो सोसायटी-१२३ वाला आहे त्यांचा मात्र आजच्या आजच बाद करा.