फॅसिकल : जुडी, वही की बाड?

बोरू
अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनवरच्या एका दीर्घ लेखाच्या भाषांतरात अडकायला झालं आहे. 'फॅसिकल' हा शब्द त्यात पानोपानी येतो. पहिल्या खर्ड्यात 'पुस्तिका' लिहिलं होतं, ते तपासणाऱ्याने खोडून 'हस्तलिखित संच' केलं. दोन्ही पटत नाहीत. 'पुस्तिका' म्हटलं की सरकारी योजनेची माहितीपुस्तिका डोळ्यांपुढे येते आणि 'संच' म्हटलं की डब्यांचा.

वस्तू नेमकी अशी : साधारण 1858 ते 1864 या काळात अ‍ॅमहर्स्टच्या घरात डिकिन्सन पत्रं लिहायच्या कागदाचे ताव घ्यायची. ताव कारखान्यातूनच मध्यावर दुमडून यायचा, म्हणजे एका तावाची दोन पानं, चार पृष्ठं. पान अंदाजे 8 इंच उंच, 5 इंच रुंद. त्यावर पक्की झालेली कविता शाईने उतरवून काढायची. असे बहुधा चार ते सहा ताव झाले की ते एकावर एक रचायचे, डाव्या कडेला दोन भोकं पाडायची, त्यातून दोरा ओवून गाठ मारायची. अशा 40 शिवलेल्या गोष्टी मिळाल्या, त्यांत आठशेहून जास्त कविता. वर नाव नाही, आकडा नाही, अनुक्रमणिका नाही. याला मराठीत काय म्हणायचं?

दोनपदरी
जुडी. लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थच लहानशी मोळी किंवा जुडी. कोथिंबिरीची जुडी, विड्यांच्या पानांची जुडी, तशी कवितांची जुडी. सुटी सुटी पानं दोऱ्याने एकत्र बांधली, हे एका शब्दात येतं.

शिवणपट्टी
जुडी बांधतात, शिवत नाहीत. जुडीचा दोरा बाहेरून गुंडाळलेला असतो, इथे तो कागदातून आरपार गेला आहे. हा फरक सोडून चालणार नाही, कारण पुढचा सगळा घोळ त्या भोकांवरच उलगडला.

अक्षता
मग 'वही' का नको? साधा, घरचा शब्द आहे आणि कवितेशी त्याचं जुनं नातं आहे. तुकोबांच्या वह्याच इंद्रायणीत बुडवल्या असं आपण म्हणतो, देहूची ती 'भिजकी वही'. कवीने स्वहस्ते लिहिलेलं ते वही, याहून सरळ काय असणार?

बोरू
'वही'वर बराच वेळ रेंगाळलो होतो. अडचण कामाच्या क्रमाची आहे. वही आधी शिवलेली असते, आपण नंतर तीत लिहितो. डिकिन्सनने आधी लिहिलं आणि मग शिवलं. वहीत पुढचं कोरं पान वाट बघत असतं, इथे शिवायला घ्यायच्या वेळी सगळं भरलेलं होतं. कोणता ताव आत घ्यायचा, कोणता कशाच्या मागे ठेवायचा, हे तिने लिहून झाल्यावर ठरवलं असणार. अभ्यासक गेली कित्येक वर्षं त्या क्रमाच्या अर्थावर वाद घालत आहेत ते त्यामुळेच. 'वही' म्हटलं की तो प्रश्नच वाचकाला दिसत नाही.

जीर्णपत्र
शब्द आपल्याकडे तयार आहे : बाड. मराठी हस्तलिखितांच्या अभ्यासात तो रोजचा आहे. अमुक पद अमुक बाडात सापडलं, या बाडात ते त्या बाडापेक्षा वेगळं आहे, अशीच भाषा असते. पोथी म्हणजे सुटी पानं, फळ्यांत किंवा फडक्यात बांधलेली. बाड म्हणजे एका कडेला शिवलेलं. तुमच्या वस्तूचं वर्णन बाडाच्या वर्णनाशी जुळतं. नवा शब्द घडवत बसू नका.

अक्षता
आजच्या वाचकाला 'बाड' म्हटलं की 'बाडबिस्तरा' आठवेल. तो शब्दही मुळात तोच असावा, बांधून ठेवलेलं ते बाड.

जीर्णपत्र
उच्चार सारखा म्हणून मूळ एक, ही व्युत्पत्ती नव्हे. दोन शब्दांचा नातेसंबंध जोडायचा तर मधल्या काळातले प्रयोग दाखवावे लागतात. आणि वाचकाला आठवेल म्हणून शब्द टाकून द्यायचे, तर निम्मा कोश टाकावा लागेल. शब्द वापरला तरच तो वाचकाला कळेनासा होत नाही.

शिवणपट्टी
'बाड'ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. बाड जाडजूड असतं आणि त्यात बहुधा अनेकांचं साहित्य असतं : एका संताचे अभंग, दुसऱ्याची आरती, मध्येच औषधाचा नुस्खा. पुष्कळदा तो नकलाकाराचा संग्रह असतो. डिकिन्सनची वस्तू पाच तावांची धरली तर जेमतेम 20 पृष्ठं, आत साधारण तितक्याच कविता, सगळ्या एकीच्याच, तिच्याच हातच्या. तिला बाड म्हणणं म्हणजे ओंजळीला पोतं म्हणणं.

आता शिवणीबद्दल, कारण नाव त्यावर ठरायला हवं. बांधणीत दोन रीती. एकीत ताव एकात एक घालून घडीच्या रेषेवर, मधोमध शिवतात, शाळेच्या वहीसारखे. दुसरीत घड्या एकावर एक रचून कडेपासून थोडं आत भोसकून शिवतात. डिकिन्सनची रीत दुसरी. पहिल्या रीतीत दोरा तुटला तरी फारसं बिघडत नाही. सर्वांत बाहेरच्या तावावर पहिलं आणि शेवटचं पान असतं, मजकूर वाचत गेलं की ताव आपोआप जागेवर बसतात. दुसऱ्या रीतीत प्रत्येक ताव स्वतंत्र असतो. शिवाय डिकिन्सन प्रत्येक कविता शक्यतो त्याच तावावर संपवायची. जागा पुरली नाही तर वेगळी चिठी किंवा अर्धं पान जोडायची, पुढच्या तावावर ओढून न्यायची नाही. त्यामुळे दोरा काढला की कोणता ताव कोणाच्या मागचा, हे मजकुरावरून कळायला मार्गच उरत नाही.

तेच झालं. 1886 मध्ये ती गेल्यावर धाकटी बहीण लव्हिनियाला हे सगळं सापडलं. छपाईसाठी तिच्या कवितांच्या पहिल्या संपादिका मेबल लूमिस टॉड यांच्याकडे गेलं आणि संपादनाच्या कामात दोरे निघाले, ताव मिसळले. पुढे मालकीच्या भांडणात कागदांचे दोन वाटे झाले, एक हार्वर्डला, एक अ‍ॅमहर्स्ट कॉलेजला. अभ्यासक आर. डब्ल्यू. फ्रँकलिन यांनी मूळ क्रम पुन्हा जुळवला तो भोकांवरून : दोन तावांची भोकं एकमेकांवर बसतात का, दोरा ओढून कागद कुठे फाटला आहे, एका पानाच्या शाईचा डाग समोरच्या पानावर उमटला आहे का, ओल कुठून कुठवर झिरपली आहे, कागद एकाच जातीचा आहे का. 1981 मध्ये हार्वर्डने त्या जुळणीची छायाप्रत दोन खंडांत छापली. ज्या वस्तूचा इतिहास भोकांनी वाचला, तिच्या नावात शिवण दिसलीच पाहिजे.

दोनपदरी
मग 'शिवणी' म्हणा. पहिली शिवणी, सोळावी शिवणी.

जीर्णपत्र
शिवणी हे गावाचं नाव आहे. आणि केलेल्या कामाचं नाव वस्तूला द्यायचं, तर वस्तू हातात धरता आली पाहिजे. 'शिवणी उघडली' यात काय उघडलं?

हिरवाकंच
वनस्पतिशास्त्रात 'फॅसिकल' हाच शब्द आहे, तिथे आपण 'गुच्छ' म्हणतो. पांढऱ्या पाइनच्या सुईसारख्या पानांचे पाच-पाचचे गुच्छ असतात, तेच. डिकिन्सनला हे शास्त्र चांगलं येत होतं. अ‍ॅमहर्स्ट अकॅडमीत शिकत असताना, चौदाएक वर्षांची असताना, तिने वाळवलेल्या 424 वनस्पतींचा संग्रह केला. कागदाच्या बारीक पट्ट्यांनी देठ चिकटवलेले, खाली तिच्या अक्षरात नावाची चिठी. तो हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. गोळा करून दाबून ठेवायची सवय तिथलीच. म्हणून 'गुच्छ' तिच्या स्वभावाला धरून आहे.

बोरू
विचार सुंदर आहे, पण तो शब्द तिचा नाही. 'फॅसिकल' हे नाव टॉडबाईंनी दिलं, 1891 च्या दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत ते आहे. लव्हिनिया या वस्तूंना खंड म्हणायची. 1955 ची आवृत्ती काढणाऱ्या थॉमस जॉन्सननी 'पुडकी' अशा अर्थाचा शब्द वापरला. टॉडबाईंचा शब्द फ्रँकलिननी पुन्हा रूढ केला. खुद्द डिकिन्सनने या वस्तूंना काय म्हटलं, याची एकही नोंद तिच्या कागदांत नाही. म्हणजे मूळ शब्दाच्या धात्वर्थाला बांधील राहायचं कारण नाही, आपण वस्तूला बांधील आहोत.

अक्षता
तसं असेल तर 'फॅसिकल'च ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे दोन वाक्यांत समजावून सांगा, पुढे सरसकट वापरा. आपण 'सॉनेट'ला सुनीत म्हटलं, तरी लोक सॉनेट म्हणतातच.

जीर्णपत्र
सुनीत चाललं म्हणूनच हे उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. आधी शब्द द्यावा लागतो, मग लोक निवडतात. न देताच परकं ठेवलं तर निवडायला काही उरत नाही.

तळटीप
मूळ प्रश्नाआधी एक सुधारणा. लेखात 'पान' आणि 'पृष्ठ' काटेकोर वेगळे ठेवा. बोलताना आपण दोन्हीला पान म्हणतो. इथे गफलत झाली तर 20 पृष्ठांची वस्तू 20 पानांची होईल, म्हणजे दुप्पट. पोथीवाले या बाबतीत नेमके असतात, पत्र मोजतात आणि त्याच्या दोन बाजू वेगळ्या सांगतात.

आणि त्याहून मोठा शब्द सुटला आहे. तिने ओळीतल्या एखाद्या शब्दाआधी बारीक + खूण करून कवितेच्या खाली दुसरे शब्द लिहून ठेवले आहेत. भाषांतरात त्यांना काय म्हणताय? बहुतेक ठिकाणी 'पाठभेद' दिसतो. तो चूक आहे.

जीर्णपत्र
चूक कसा? ज्ञानेश्वरीपासून आपण तोच शब्द वापरतो.

तळटीप
ज्ञानेश्वरीत एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा, आणि कवीचा कोणता हे शोधायचं असतं. भेद प्रतींमध्ये आहे. डिकिन्सनच्या त्या पृष्ठावर भेद एकाच प्रतीत आहे आणि दोन्ही शब्द कवीचेच आहेत. 'माझ्या मेंदूत प्रेतयात्रा' या अर्थाने सुरू होणारी तिची कविता घ्या. शेवटच्या कडव्यात बुद्धीची फळी मोडते आणि बोलणारी खाली खाली पडत जाते, दर बुडीला एका जगावर आदळते. 'बुडी'साठी जो शब्द आहे त्याआधी + आहे आणि खाली पर्याय दिला आहे तो 'धडक' अशा अर्थाचा. 'जाणणं संपवलं' या ओळीतही 'संपवलं'ला 'पार पडलं'च्या जवळ जाणारा पर्याय आहे. 'बुडी' घेतली तर खोली राहते, 'धडक' घेतली तर आवाज राहतो. तिने कोणताही खोडला नाही. त्याला 'पाठभेद' म्हटलं की वाचक समजतो, एक खरा, एक नकलाकाराची चूक. 'पर्याय' म्हणा, 'राखीव शब्द' म्हणा, पण पाठभेद नको.

पाठभेद तिच्याकडे वेगळे आहेतच. अलाबास्टरच्या (पांढऱ्या मऊ दगडाच्या) दालनांत निजलेल्या मृतांची कविता तिने 1859 मध्ये एका दुसऱ्या कडव्यासह लिहिली आणि 1861 मध्ये वहिनी सूझनशी पत्रापत्री करताना ते कडवं पूर्ण बदललं. आधी थडग्यावर वारा हसत होता, मग वर्षं भव्यपणे सरकू लागली. 1 मार्च 1862 ला स्प्रिंगफील्डच्या वृत्तपत्रात छापलं गेलं ते पहिलं. इथे खरोखर दोन पाठ आहेत. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर हा फरक मराठीत सांगताच येणार नाही.

शिवणपट्टी
सहमत. मांडणीसाठी एवढंच : + खूण शब्दाच्या *आधी* ठेवा, तिने तशीच ठेवली आहे. मागे ठेवली तर ती तळटीपेची खूण वाटते. पर्याय कवितेच्या लगेच खाली, त्याच टंकात, लहान न करता. पानाच्या तळाला ढकलले की ते संपादकाचे होतात.

हिरवाकंच
लेखात तिला 'एकलकोंडी' म्हटलं आहे का? तेवढं बदला. 1869 मध्ये तिने लेखक-स्नेही हिगिन्सनना लिहिलं की वडिलांची जमीन ओलांडून मी कुठल्याही घरी वा गावी जात नाही, हे खरं. पण तिची हजाराहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. एकलकोंड्या माणसाला माणसं नको असतात. 'एकांतवासी' ठीक.

बोरू
'एकांतवासी'च आहे. 'पाठभेद'चं मात्र चुकलं होतं, सगळीकडे 'पर्याय' करतो. 'बाड' आणि 'जुडी' यांत मन अजून हेलकावे खातंय. आणि शिवायचं बाकी राहिलेल्या तावांचं काय? 1864 मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी ती कित्येक महिने बोस्टनजवळच्या केंब्रिजला होती आणि शिवण्याचं काम त्याच वर्षी थांबलं. पुढचे ताव तसेच न शिवता एकत्र ठेवलेले मिळाले, फ्रँकलिननी त्यांचे 15 गट केले. शिवलेल्याला बाड म्हटलं तर न शिवलेल्याला काय?

दोनपदरी
न शिवलेली ती जुडी! शिवलेलं बाड, न शिवलेली जुडी.

शिवणपट्टी
न शिवलेल्याला दोराच नाही, मग जुडी कशाने? ती गड्डी. आणि 20 पृष्ठांचं बाड होत नाही, हे अजून उभं आहे.

जीर्णपत्र
लहान बाड म्हणा. बाडाला किमान जाडी ठरवून दिलेली कुठे आहे?

तळटीप
टाचणीने जोडलेल्या चिठ्यांना मात्र 'टाचण' म्हणायला हरकत नसावी. टोचून जोडलेलं तेही टाचण आणि लिहून ठेवलेलं तेही टाचण, दोन्ही अर्थ एकाच चिठीत बसतात.

अक्षता
टाचण छान. पण तिच्या आडव्या रेघांचं काय करताय? 1890 च्या आवृत्तीत टॉड आणि हिगिन्सननी त्या बहुतेक काढून स्वल्पविराम, अर्धविराम घातले, वर कवितांना नावंही दिली. जॉन्सननी लांब रेघ परत आणली, फ्रँकलिननी आखूड केली. देवनागरीत आखूड रेघ शब्दाला चिकटली की सरळ जोडशब्द होतो. 'मन-घर' लिहिलं तर वाचक समास वाचणार, थांबणार नाही.

तळटीप
दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची आणि जोडरेघ न वापरता अपसारणचिन्हच वापरायचं. शिरोरेषेमुळे आपल्याकडे ओळीच्या वर आधीच एक आडवी रेघ धावत असते, त्यामुळे आखूड रेघ नजरेत भरत नाही. ओळीच्या शेवटी रेघ आली तर ती खालच्या ओळीवर जाऊ देऊ नका. टंकजुळणीत ती शब्दाशी न तुटणाऱ्या जागेने बांधून ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एकटी रेघ उरते आणि संवाद सुरू झाल्यासारखा वाटतो.

जीर्णपत्र
'अपसारणचिन्ह' कोण म्हणतं आता? सगळे डॅशच म्हणतात.

अक्षता
हे 'बाड'वाल्यांनी म्हणावं?