श्रीनगरहून पश्मिना घ्यायची आहे: काय बघून घ्यावी, कशी वापरावी?

कोथरूडकर:
डिसेंबरात श्रीनगरला जातोय. आईला एक स्टोल आणि टोरांटोतल्या भावाला एक मफलर घ्यायचा आहे. पुण्यातल्या प्रदर्शनात ‘प्युअर पश्मिना’ दीड हजारात मिळते, तिकडे म्हणे पंधरा हजारांच्या पुढे. अंगठीतून ओढून बघायची, धागा जाळून बघायचा, एवढंच ऐकून आहे. तेवढ्यावर भागेल का? आई साडीवर घेईल, भाऊ जाड जॅकेटवर.

उभाआडवा:
अंगठी विसरा. पातळ व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासूनचं कृत्रिम रेशीम) अंगठीतून सर्रकन जातं. जाळून बघण्याचा उपयोग अर्धाच. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस, टोकाला कडक मणी उरला तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर, केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी राख म्हणजे लोकर. पण मेंढीची लोकरही अशीच जळते, मग पश्मिना कशी ठरणार?

खरी पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांगमधल्या शेळीची आतली लव, जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इतका नाजूक धागा यंत्रमागाचा ताण सोसत नाही. म्हणून काही जण त्यात नायलॉन मिसळून विणतात आणि नंतर ते आम्लात विरघळवून टाकतात. उरतं ते शंभर टक्के पश्मिना, खोटं काही नाही, पण तंतूचा जीव गेलेला असतो आणि कापड लवकर विरतं. स्टोल उजेडासमोर धरा. चरख्यावरचा धागा कुठे किंचित जाड, कुठे बारीक दिसतो. आलेखाच्या कागदासारखी एकसारखी वीण दिसली तर ते यंत्रमागाचं.

काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. ते लेबल हातकताई, हातमाग आणि १६ मायक्रॉनपर्यंतची जाडी तपासूनच लागतं. लेबलवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. आणि कुणी हळूच ‘शहतूश’ दाखवलं तर दुकानातून सरळ बाहेर पडा. चिरू या तिबेटी हरणाला मारून काढलेली ती लोकर असते. विक्री तर गुन्हा आहेच, बाळगणंही अंगाशी येईल.

दोनपदरी:
भावासाठी विणकाम निराळं हवं. हातमागाचा पातळ स्टोल जॅकेटच्या वेल्क्रोला एकदा अडकला की संपला. त्याला सुयांवर विणतात तसा, दोनपदरी धाग्याचा मफलर घ्या, साधारण ३० × १८० सेंमी. लेबलवर ‘१०० टक्के कॅशमिअर’ (शेळीच्या अशा लवेचं इंग्रजी नाव) असंच लिहिलेलं हवं. परदेशी बाजारात ‘पश्मिना’ या नावाखाली व्हिस्कोसही सर्रास खपतं.

दुकानात तळहाताने एकाच जागी दहा-बारा वेळा चोळा. लगेच लव गोळा झाली तर तंतू आखूड आहेत, गोळे धरणारच. हाताला लोण्यासारखा लागणारा, फार फुललेला मफलर बघून मी तरी सावध होतो. तो मऊपणा बऱ्याचदा जास्त धुऊन-पिंजून आणलेला असतो.

घालताना मधोमध दुमडून मानेभोवती घ्यायचा, दोन्ही टोकं फासातून ओढायची आणि जॅकेटच्या आत सोडून चेन वर घ्यायची. गोळे आधी हनुवटीखाली येतात, दाढीच्या खुंटांमुळे. ते उपटायचे नाहीत, कात्रीने वरच्या वर कापायचे.

ऊनसावली:
आईंना ७० × २०० सेंमी पुरे. साडीवर लांबीत तीन घड्या करून दोन्ही खांद्यांवरून सोडायचा. सेफ्टी पिन नको, भोक बुजत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या आणि नक्षीच्या बांगड्या धागा ओढतात. ओढलेला धागा कापू नका, बोथट सुईने उलट्या बाजूला घ्या. अत्तर आधी लावा, वाळू द्या, मग स्टोल.

साधा, नक्षी नसलेला असेल तर गार पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू, पाच मिनिटं. पिळायचा नाही; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरायचा. दोरीवर टाकला तर ओल्या वजनाने लांबतो. सोझनीचं (काश्मिरी बारीक सुईकाम) भरतकाम असेल तर रंग उतरण्याची भीती, तो ड्रायक्लीनलाच द्या.

कोथरूडकर:
धन्यवाद! ठेवताना डांबराच्या गोळ्या घातल्या तर चालेल ना?

ऊनसावली:
कापडाला टेकवून नको, वास महिनोन्महिने जात नाही. कसर लागते ती घाम आणि खाण्याच्या डागांवर आधी, म्हणून धुऊनच ठेवा. प्लॅस्टिकची पिशवीही नको, पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. जुन्या मलमलीत गुंडाळा, आणि गणपतीनंतर एकदा काढून सावलीत झटका. घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर त्याच रेषेवर विरतो.