बँकॉकमध्ये आई-वडिलांनी स्वतंत्रपणे फिरताना फसवणूक कशी टाळावी?

प्रश्न : गंगापूर रोड, नाशिक

माझे आई-वडील येत्या हिवाळ्यात बँकॉकला जाणार आहेत. दोघेही सेवानिवृत्त असले तरी प्रकृतीने ठणठणीत आहेत आणि सहल कंपनीबरोबर धावतपळत फिरण्यापेक्षा एकाच हॉटेलात मुक्काम ठोकून सावकाश शहर पाहावे, अशी त्यांची इच्छा आहे. वडिलांना मुख्य ओढ आहे ती राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केव या मंदिराची, कारण तेथील ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकथेची चित्रे आहेत, आणि ज्यांचे सारे आयुष्य पंचवटीत गेले त्यांना ती पाहावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र आमच्या नात्यातील एका जोडप्याला राजवाडा बंद असल्याचे सांगून रत्नांच्या दुकानात नेले गेले आणि त्यांची बरीच रक्कम गेली. वडील बोलके आहेत, कोणी आपुलकीने चौकशी केली की ते गप्पांत रमतात. हा स्वभाव त्यांनी बदलावा असे मला वाटत नाही. त्यांना नेमके काय सांगून पाठवावे?

उत्तर : इंदिरानगर, नाशिक

ही फसवणूक जुनी आहे आणि तिचा क्रम सहसा ठरलेला असतो, म्हणून तो क्रमच काकांना समजावून सांगावा. राजवाड्याच्या भिंतीलगत, प्रवेशद्वारापासून थोड्या अंतरावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एखादा गृहस्थ उत्तम इंग्रजीत चौकशी करतो. आज राजघराण्याचा विधी असल्यामुळे वाडा दुपारनंतर उघडेल, असे तो सांगतो, तुमच्याच नकाशावर दोन-तीन मंदिरांभोवती पेनाने गोल काढतो आणि तोवर ती पाहून या म्हणून जवळच उभ्या असलेल्या टुकटुकवाल्याला, म्हणजे तीनचाकी रिक्षावाल्याला, हाक मारतो. भाडे अवघे २० बाथ (थाई चलन). एखाद्या मंदिरात दुसरा माणूस सहज भेटल्यासारखा भेटतो आणि सरकारी सवलतीत रत्ने मिळण्याचा आज शेवटचा दिवस आहे, हीच रत्ने मायदेशी दुप्पट भावाने विकली जातात, असे सांगतो. शेवटी टुकटुक दुकानापाशीच थांबते. खडे हलक्या प्रतीचे किंवा कृत्रिम असतात आणि टुकटुकवाल्याला दुकानाकडून दलाली मिळते. एवढ्या स्वस्त भाड्याचे कारण तेच.

राजवाडा साधारणपणे रोज उघडा असतो, तिकीटखिडकी सकाळी ८.३० ते दुपारी ३.३० चालू असते आणि परदेशी पाहुण्यांसाठी तिकीट ५०० बाथ आहे. क्वचित समारंभासाठी काही भाग बंद ठेवला जातो, पण तशी सूचना राजवाड्याच्या संकेतस्थळावर मिळते. म्हणून रस्त्यावर कोणी काहीही सांगितले तरी खिडकीपर्यंत चालत जायचेच, एवढे एक काकांनी पक्के धरावे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे मात्र घालून जावे, नाहीतर बाहेर चढ्या दराने विजारी विकणाऱ्यांचे आयतेच फावते.

उत्तर : मूळ सिन्नर, सध्या नोकरीनिमित्त बँकॉक

वरील माहितीशी मी सहमत आहे, पण काका-काकूंना इतके घाबरवू नये की वाट विचारायचीही त्यांना धास्ती वाटेल. येथील माणसे अतिशय सौजन्यशील आहेत. पर्यटनस्थळाच्या दारात जो आपणहून गाठतो त्याच्यापासून सावध राहावे, आणि ज्याला आपण जाऊन विचारतो त्या दुकानदारावर किंवा मेट्रोच्या कर्मचाऱ्यावर विश्वास ठेवावा. माझ्या येथील वास्तव्यात हा भेद फार उपयोगी पडला आहे.

राजवाड्याला जाण्यासाठी टॅक्सीची गरजच नाही. स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरून साथोर्न धक्क्यावरून केशरी निशाणाची बोट घ्यावी आणि था चांग धक्क्यावर उतरावे. साथोर्नला खासगी बोटीचे महागडे तिकीट गळ्यात मारू पाहणारे लोक असतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन निशाणाचा रंग तेवढा पाहावा. वाट पो या मंदिरातील ४६ मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती राजवाड्याजवळच आहे, आणि तेथून था तियेन धक्क्यावरून नावेने पलीकडे गेले की वाट अरुण हे मंदिर येते.

विमानतळावर टॅक्सीसाठी यंत्रातून चिठ्ठी मिळते, ती शेवटपर्यंत जपून ठेवावी. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो आणि विमानतळाचे ५० बाथ व टोल वेगळे द्यावे लागतात. मीटर लावायला नकार मिळाला तर वाद न घालता दुसरी टॅक्सी पाहावी किंवा ॲपवरून गाडी बोलवावी. कार्डाने पैसे देताना रुपये की बाथ असे विचारले गेल्यास बाथ निवडावे, कारण रुपयांतील दर बहुधा महाग पडतो.

उत्तर : पंचवटी, नाशिक

चित्रांविषयी थोडे लिहितो, कारण तिकीट काढून आत गेल्यावर बरेच लोक मुख्य मंदिर पाहून परत फिरतात. ओवऱ्यांत १७८ चित्रे क्रमाने आहेत आणि सोनेरी छटांमुळे सकाळच्या उजेडात ती विलक्षण खुलतात. शुभ्रवर्णी हनुमान आणि हिरव्या मुखाचा रावण पाहून काकांना आनंद होईल. थायलंडची रामकथा काही प्रसंगांत आपल्याहून वेगळी आहे, तेव्हा पुरेसा वेळ हाताशी असू द्यावा. उघडताक्षणी गेल्यास गर्दीही कमी मिळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी सकाळी बोटीनेच जायचे, असे ठरले. आईला टुकटुकमध्ये एकदा बसायचे आहे, ते टाळणेच बरे का?

उत्तर : मूळ सिन्नर, सध्या नोकरीनिमित्त बँकॉक

अवश्य बसावे. संध्याकाळी हॉटेलाच्या आसपासच्या थोड्या अंतरासाठी, भाडे आधी ठरवून आणि वाटेत कोणत्याही दुकानात थांबायचे नाही असे स्पष्ट सांगून. हॉटेलाचे नाव व पत्ता थाई लिपीत लिहिलेले कार्ड दोघांच्याही खिशात वेगवेगळे ठेवावे आणि पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक त्याच कार्डामागे लिहून द्यावा.