मदत हवी आहे: १०० चा सरकारी रोखा १०४ ला घ्यावा का?

पहिल्यांदाच सरकारी रोखे घेतोय, दुय्यम बाजारातून (म्हणजे थेट सरकारकडून नाही, आधीच्या धारकाकडून). समोर दोन आहेत. दोन्हींची मुदत ६ वर्षं, दर्शनी किंमत (मुदत संपल्यावर परत मिळणारी रक्कम) १००, व्याज सहामाही. एकाचं कूपन (दर्शनी किमतीवर ठरलेलं वार्षिक व्याज) ८ टक्के, भाव १०४. दुसऱ्याचं ६ टक्के, भाव ९४.४०. मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा (आजचा भाव, व्याज आणि शेवटचे १०० धरून येणारा वार्षिक दर) एक्सेलमध्ये काढून पाहिला, दोन्हींचा ७.१७ टक्क्यांच्या आसपासच येतो. (मागच्या हप्त्यापासून साचलेलं व्याज विकणाऱ्याला भावावर वेगळं द्यावं लागतं, ते धरलेलं आहे.)

मधेच विकायचं नाही. पण व्याज पुन्हा गुंतवणार नाही, ते घरखर्चाला लागेल. कराचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.

अशा वेळी १०४ देऊन शेवटी १०० च हाती येणं हा खरा तोटा धरायचा, की जादा व्याजातून ते ४ आधीच वळते झालेले असतात?