रोख मागणारा चोर नसतो

मांडवी दरवाजा

काल अलकापुरीकरांनी ह्या ग्रुपवर लिहिलं की आपल्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजीवाल्याकडे क्यूआर लावलेला असूनही त्याने रोख मागितली, म्हणून त्यांनी भरलेली पिशवी तिथेच रिकामी केली आणि निघून आले. इथवर त्यांची मर्जी. पण पुढचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. "रोख मागणारा प्रत्येक जण करबुडवा. सरकारने नोटा बंदच कराव्यात. ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली?"

मला लपवायचं काही नाही आणि मला भीती आहे.

माझ्या मेव्हण्याचं वाघोडिया रोडला टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक अनोळखी पोरगा आला, बॅटरी घेतली, १,८५० रुपये स्कॅन केले, गेला. अकराव्या दिवशी खातं बंद. १,८५० अडकले असते तर सोडून दिले असते, पण अख्खं खातं गोठलं. त्यात चार लाखांच्या वर रक्कम होती, दिवाळीच्या मालासाठी ठेवलेली. बँकेत म्हणाले, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा मेल आलाय, आमच्या हातात काही नाही. मेलमधल्या नंबरवर फोन केला तर कुणी उचलेना. नंतर कळलं, कुणाला तरी फसवून काढलेले पैसे तीन-चार खात्यांतून फिरत त्या पोराकडे आले होते. साडेचार महिने हे चाललं. पोरीची फी आम्ही भरली. घाऊकवाल्याने उधारी तोडली. गल्ल्यात रोज जी काय रोख यायची तिच्यावर दुकान तगलं, नाहीतर शटर कायमचं खाली आलं असतं. आजही त्याच्याकडे क्यूआर आहे, पण अनोळखी गिऱ्हाइकाकडून तो रोखच घेतो. जीएसटीचं एकही रिटर्न त्याने चुकवलेलं नाही. ह्याला करबुडवा म्हणायचं?

आणि "लपवायचं नाही तर भीती कसली" ह्याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला देऊन झालंय. नऊ न्यायाधीश, एकमत, खासगीपणा हा मूलभूत हक्क. मी कुठल्या डॉक्टरकडे गेलो, कुणाला किती देणगी दिली, हे कुणी विचारलं तर मी सांगेन किंवा सांगणार नाही. पण न विचारताच ते कुठेतरी साठत राहावं, हे मला मंजूर नाही.

खिशातली नोट खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. खात्यातल्या पैशाला लागते. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना आधी फक्त १,००० रुपये काढू देत होते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि त्याच रात्री, तिच्यामार्फत व्यवहार करणारं फोनपे बंद पडलं. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं त्यांचेही व्यवहार थांबले.

अलकापुरीकर

काका, मेव्हण्यांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण मी १९ वर्षं सीएची प्रॅक्टिस करतोय. रोज एक तरी दुकानदार दोन वह्या घेऊन येतो, एक मला दाखवायची आणि एक घरी ठेवायची. दुसऱ्या वहीतला सगळा धंदा रोखीचा असतो. पगारदार माणसाचा कर हातात पैसे यायच्या आधीच कापला जातो. माझा राग तिथून येतो.

भाजीवाल्याला घाबरायचं कारण काय? ताज्या भाजीवर जीएसटी नाही. इतर मालालाही ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही.

माझी स्वतःची गोष्ट ऐका. १९९८ मध्ये वडिलांनी भाड्याच्या घरासाठी ६०,००० डिपॉझिट दिलं. रोख. पावती नाही, कारण मालक ओळखीचे. घर सोडताना ते म्हणाले, "कसलं डिपॉझिट?" आईने पाटल्या मोडून दुसऱ्या घराचे पैसे उभे केले. ते पैसे बँकेतून गेले असते तर त्या माणसाची हिंमत झाली असती का? नोंद राहते म्हणून तुम्हाला भीती वाटते. आमच्या घरात नोंद नव्हती म्हणून आईचे हात उघडे झाले.

मांडवी दरवाजा

आईंचं मनाला लागलं. पण ताजी भाजी करमुक्त हे मला सांगू नका, कर्नाटकात जाऊन सांगा. जुलै २०२५ मध्ये हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आली, चार वर्षांत खात्यात १ कोटी ६३ लाख जमा दिसले म्हणून. शेतकऱ्यांकडून भाजी आणून विकणारा माणूस. बंगळुरूत दुकानांवरून क्यूआर उतरले आणि "नो यूपीआय, ओन्ली कॅश"च्या पाट्या लागल्या. आपला हातगाडीवालाही मोबाइल बघतो. त्याला ते कळलं नसेल का?

अलकापुरीकर

नोटीस म्हणजे वसुली नव्हे. उत्तर द्यायचं, कागद दाखवायचे, विषय संपतो.

मांडवी दरवाजा

उत्तर लिहायला सीए लागतो. पहाटे चारला मार्केट यार्डात उभा असलेला माणूस तुमच्या ऑफिसात कधी येणार?

कारेलीबागेतली वहिनी

तुम्ही दोघं सरकार आणि पोलीस ह्यांच्यावरच भांडताय. माझ्या खर्चावर सरकार नजर ठेवतं की नाही मला माहीत नाही. घरचे ठेवतात हे माहीत आहे.

घरखर्चातून वाचवलेले पैसे मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्ही बघता बघता माझे हातपाय गार पडले. डब्यात पाचशेच्या ४७ नोटा होत्या, २३,५०० रुपये, नऊ वर्षांचे. दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि ह्यांच्यासमोर त्या टेबलावर ठेवाव्या लागल्या. सरकार म्हणालं होतं, गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणार नाही. सरकारने विचारलं नाही. घरच्यांनी विचारलं. "कुठून आले?", "कधीपासून?", "आम्ही काय कमी करत होतो?" त्यातले काही मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला द्यायचे ठरवले होते. ते पैसे ह्यांच्या खात्यात गेले आणि नंतर मागायची मला लाज वाटली.

आता मुलाने फोनवर ॲप टाकून दिलंय. खातं जॉइंट, नंबर त्याचा, मेसेज त्यालाच जातात. मैत्रिणींबरोबर सेव उसळ खाल्ली तरी संध्याकाळी "आज रावपुऱ्यात होतीस का?" तो प्रेमाने विचारतो, माझी तक्रार नाही त्याच्याबद्दल. पण माझं वय ५६ आहे.

सुरसागर १९७१

नवऱ्यापासून पैसे लपवायचे म्हणजे संसारात विश्वासच नाही. इथे रोख विरुद्ध डिजिटल चाललंय, घरातल्या भानगडी कशाला?

कारेलीबागेतली वहिनी

भानगड? भाऊ, तुमच्या आईकडे डबा होता. आजीकडे पदराची गाठ होती. भाऊबीजेची ओवाळणी, हळदीकुंकवाचा खर्च, माहेरच्या भाच्याची फी, हे सगळं त्या गाठीतून व्हायचं आणि तुमच्या वडिलांना त्याचा हिशोब द्यावा लागत नव्हता. त्याला कुणी अविश्वास म्हणत नसे. तुम्ही पगारातून चहा-पानावर किती घालवता ते बायकोला रोज सांगता का? मग "भानगड" हा शब्द मागे घ्या.

सुरसागर १९७१

शब्द चुकला असेल. मुद्दा तोच आहे.

फतेहगंज हॉस्टेल

वहिनी, मी तुमच्या बाजूने. झेरॉक्सच्या दुकानात २० रुपये स्कॅन केले, माझ्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच होता. त्या रात्रीपासून "हाय", "रूम कुठे". तीन आठवडे. शेवटी नंबर बदलला. हजार लोकांनी सांगितलं, आयडी बदलायचा असतो. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वीस रुपयांची नोट दिली असती तर त्याला माझं नावही कळलं नसतं.

मांजलपूरची बाई

मी शाळेत शिकवते, आणि मला उलटं बोलायचंय. वहिनी, राग मानू नका.

तुमचा डबा कुणी उघडला नाही म्हणून तो तुमचा होता. माझा उघडायचे. पहिली नोकरी खासगी क्लासमध्ये, पगार पाकिटात. पाकीट घरी आणलं की मिस्टर मोजून घ्यायचे आणि मला रिक्षापुरते परत द्यायचे. कपाटात लपवलं तर कपाट उघडायचे, पर्समध्ये लपवलं तर पर्स. रोख पैसा ज्याच्या हाताला ताकद जास्त त्याचा. २०१८ मध्ये शाळेत लागले, पगार खात्यात यायला लागला. माझं एकटीचं खातं, पिन फक्त माझ्या डोक्यात. पहिल्यांदा त्यांनी मागितले आणि मी "नाही" म्हणाले. घरात दोन दिवस ताटं आपटली गेली. पण पैसे गेले नाहीत.

तेव्हा तुम्ही म्हणता तो खासगीपणा मला फोनने दिला. जॉइंट खातं आणि मुलाचा नंबर ही तुमची अडचण आहे, यूपीआयची नाही. स्वतःच्या नावाचं खातं आणि स्वतःचं सिम घ्या.

कारेलीबागेतली वहिनी

बाई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. पण मला पगार नाही हो. मी वेगळं खातं काढलं तर "कशाला?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. डब्याला तो प्रश्न कधी आला नाही.

रावपुरा टॉवर

विषय पैशाचा आहे तर दहाच्या नाण्याचं कुणी बोलेल का? २०११ चा नाणे कायदा स्पष्ट आहे, रुपया आणि वरची नाणी १,००० रुपयांपर्यंत चालतात. तरी मंगळबाजारात नाणं पुढे केलं की दुकानदार हात मागे घेतो, छुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट देतो आणि मग "स्कॅन करो ने" म्हणतो. रोख लोकांनी सोडली की सोडायला लावली?

समा रोड, दुसरा मजला

ऑगस्ट २०२४ विसरलात सगळे? जन्माष्टमीनंतर विश्वामित्री नदी ३५ फुटांवर गेली, आमच्या गल्लीत छातीइतकं पाणी. तीन दिवस वीज नाही, फोन मेले, नेटवर्क नाही. ट्रॅक्टरवर दूधवाला आला तेव्हा माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये ६२,००० रुपये होते. दुधाची एक पिशवी घेता आली नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी देवघरातून शंभराच्या नोटांचं पुडकं काढलं आणि अख्ख्या इमारतीचं दूध, मेणबत्त्या, पाण्याचे जार त्यातून आले. कुणाला किती दिले ते त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून माझ्या घरात १०,००० रोख असतात.

अलकापुरीकर

त्याच पुरात माझ्या अकोट्याच्या क्लायंटचे तळमजल्याच्या कपाटातले ८०,००० चिखलात गेले. बऱ्याचशा नोटा बँकेने बदलून दिल्या, पण वाळवून, सुट्या करून, फेऱ्या मारून. आणि घर परत उभं करायला पुण्याच्या भावाने पाठवलेले पैसे यूपीआयनेच आले, नेटवर्क आल्यावर अर्ध्या मिनिटात. पूर दोन्हीकडून बघा.

समा रोड, दुसरा मजला

बघितलं. तळमजल्यावर ठेवू नका, एवढंच त्यातून निघतं.

अलकापुरीकर

सकाळपासून सगळं वाचतोय. "नोटा बंदच कराव्यात" हे वाक्य मागे घेतो. दूधवाल्याच्या आणि वहिनींच्या गोष्टीनंतर ते माझ्याच्याने पुन्हा लिहवणार नाही. तसंही नोटाबंदीनंतर ९९ टक्क्यांच्या वर नोटा बँकेत परत आल्या, आणि तेव्हा १८ लाख कोटींच्या आत असलेली चलनातली रोख २०२४ च्या मार्चपर्यंत ३५ लाख कोटींवर गेली. बंदी घालून रोख जात नाही हे मी आकड्यांत रोज बघतो, तरी रागाच्या भरात लिहिलं.

पण दोन वह्यांबद्दलचं माझं म्हणणं तसूभर मागे घेत नाही. खासगीपणाचं नाव घेऊन त्यात दुसरी वही लपवणारे ह्या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वाटचा कर मांजलपूरच्या बाई भरतात.

मांडवीकाका, मेव्हण्यांसारख्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय की पोलिसांच्या मागणीत जेवढी रक्कम आहे तेवढीच बँकेने अडकवावी, सबंध खातं नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बँकेला लेखी विचारता आलं असतं.

मांडवी दरवाजा

कुणी सांगितलं नाही. साडेचार महिने तीन बँक अधिकारी आणि दोन वकील भेटले, त्यांतल्या एकानेही नाही. तुम्ही आज सांगितलंत, मान्य आहे, उपयोगाचं आहे.

मेव्हण्याच्या शेजारच्या गॅरेजवाल्याचं खातं गेल्या गुरुवारी बंद झालंय. वाद ३,२०० रुपयांचा, अडकलेत १ लाख १० हजार. दोन पोरांचे पगार द्यायचेत त्याला. त्याला घेऊन तुमच्याकडे येऊ का? फी सांगा.

अलकापुरीकर

सोमवारी अकरानंतर या. बँकेने होल्डचं जे काही लिहून दिलंय ते, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि त्या ३,२०० च्या कामाचं बिल आणायला सांगा. लेखी नसेल दिलं तर आधी लेखी मागा. फी नको. हिशोबाच्या वह्या मात्र सगळ्या आणायला सांगा.

मांडवी दरवाजा

एकच आहे त्याची. तेलाचे डाग पडलेली. आणतो.