मदत हवी आहे: वृद्धाश्रमात रात्री ऑक्सिजनचा फ्लो परस्पर वाढवला जातो, कसं थांबवायचं?

सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुनाट आजार) तीन आजी-आजोबा 5 लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) आहेत. डॉक्टरांनी फ्लो मिनिटाला 1 ते 2 लिटर आणि सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) 88 ते 92 टक्के ठेवायला सांगितलंय. रात्रपाळीच्या मावशी 89 दिसलं की काळजीपोटी नॉब 4 वर नेतात. अशा पेशंटच्या रक्तात जास्त ऑक्सिजनमुळे कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी आजोबा गुंगीत, डोकं जड, आणि मॉनिटरवर मात्र 98! हा आकडा चांगला नाही, हेच पटवणं सगळ्यात अवघड जातंय.

आकडा घसरला की आधी गार बोटं चोळून, मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. मशीनला जोडलेल्या, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले असतील तर नळी पलंगाच्या पायाखाली दबलीय का बघायचं. तरीही 88 च्या खाली राहिलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. एवढं शिकवून झालंय.

नॉबवर बसणारं लॉक किंवा कव्हर कुणी वापरलंय का? टेप लावावी, तर डॉक्टरांनी फ्लो बदलायला सांगितल्यावर ती काढण्यात वेळ जातो. शिवाय थंडीत लांब नळीत पाणी साचतं. त्यासाठी वॉटर ट्रॅप (नळीतलं पाणी गोळा करणारी छोटी डबी) बाटलीजवळ लावता की पेशंटच्या बाजूला, जमिनीलगत?